देवाने कुणाचे ऐकावे?

माउली, द्राक्षवेलीचे वर्ष वारकऱ्याच्या वर्षाशेजारी ठेवून पाहा. चैत्री वारीच्या सुमारास बागेची खरड छाटणी होते. आषाढीला आपण वाळवंटात असतो, तेव्हा वेलीवर घडाचा मागमूसही नसतो. पण नव्या काडीच्या डोळ्यात घड आधीच आकाराला आलेला असतो, आणि त्यासाठी काडीला स्वच्छ ऊन मिळावे लागते. पुढे गोडी छाटणी झाली की घड बाहेर पडतो, कार्तिकीच्या आगेमागे फुलोऱ्यात येतो. माघी वारीच्या दिवसांत मण्यात पाणी उतरून गोडी भरू लागते. छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण चार-साडेचार महिने लागतात. त्यातला प्रत्येक दिवस आभाळाच्या हवाली.

फुलोऱ्यात पाऊस झाला तर फूल गळते, घड कुजतो, ढगाळ ओलसर हवेत डाऊनी पसरते. पौषात पारा १० अंशांच्या खाली गेला की मण्याची वाढ मंदावते. बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आणि गोडी भरत असताना अवकाळी पाऊस आला, तर मणी पाणी ओढून फुगतो, साल ताण सोसत नाही, मणी तडकतो. वर्षभराची मेहनत आणि सोसायटीचे कर्ज एका रात्रीत चिखलात जाते.

म्हणून पंढरपूर तालुक्यातला बागायतदार कार्तिकात हात जोडतो, ‘देवा, आता पाऊस नको.’ शेजारच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कोरडवाहू ज्वारी उभी असते. तिला त्याच दिवसांत एखादी सर मिळाली तर दाणा भरतो. तो शेतकरीही हात जोडतो, ‘देवा, एवढा एक पाऊस दे.’ दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. दोघेही एकाच ढगाकडे पाहतात. सांगा माउली, देवाने कुणाचे ऐकावे?

ज्याची बाग गेली, त्याच्याविषयी गावात कुणीतरी हळूच बोलतो, ‘काहीतरी पाप आडवे आले असेल.’ हे बोलणे आपण तोंडावाटे येऊ देऊ नये. पाऊस माळ पाहून पडत नाही. ज्या सरीने इथली बाग कुजली, तिनेच तिथली ज्वारी वाचवली. मग ती शिक्षा म्हणावी की कृपा? आभाळाला न्यायाधीश केले, की आपण दुःखी माणसावर दुसरे दुःख लादतो.

मग मागूच नये का? मागावे. लेकराने आईजवळ नाही मागायचे तर कुठे? पण मागताना एवढे ध्यानात असावे, की माझ्या शेतापुरते आभाळ मागणे म्हणजे कधी कधी नकळत शेजाऱ्याचे नुकसान मागणे असते. भक्ती हा पिकाचा विमा नाही.

द्राक्षाचा एक गुण यावर विचार करायला लावतो. आंबा कच्चा उतरवून अढीत घातला तरी पिकतो. द्राक्षाचे तसे नाही. वेलीवरून तुटले, की गोडी तिथेच थांबते. ढग पाहून घाबरून लवकर तोडले तर आंबट ते आंबटच राहते. गोडी हवी असेल तर घडाला उघड्या आभाळाखाली, धोक्यात, वेलीला धरून राहावेच लागते. आपल्या निष्ठेचेही असेच आहे. भीतीपोटी नाम सोडले तर आहे तेवढ्यावरच थांबलो. धरून राहिलो म्हणून संकट येणारच नाही, असे नाही. पण गोडी येण्याची दुसरी वाट नाही.

आणि ज्याचा घड धरून राहूनही तडकला, त्याचे काय? माउली, विठुरायाचे हात कटेवर आहेत. आपले मात्र मोकळे आहेत. दिंडीत मागे पडलेल्याची पडशी आपण न विचारता खांद्यावर घेतो. तसेच शेजाऱ्याच्या बागेत जावे, तडकलेले मणी वेचून घड साफ करू लागावे, त्याच्याकडची उसनवारी यंदा मागू नये, घटकाभर त्याच्याजवळ बसावे. ‘देव कुठे होता?’ असे तो विचारील, तेव्हा आपल्याकडे उत्तर नसले तरी चालेल. आपण तिथे असावे.

रामकृष्ण हरी.