कुत्रं, सिनेमा आणि रविवार

चाकण-तळेगाव आणि चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूर-ओरगडम या दोन पट्ट्यांमधली मराठी इंजिनिअरांची ये-जा आता कुणाला नवलाची वाटत नाही. ह्युंदाईने 1996 मध्ये इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्याची पायाभरणी केली, 1998 मध्ये तिथून पहिली सँट्रो बाहेर पडली आणि सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने बंगळुरू महामार्गाच्या कडेने उभे राहिले. 2023 मध्ये याच कंपनीने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. म्हणजे बदलीचा कागद आता दोन्ही बाजूंनी येऊ शकतो.

आमच्या हॉस्टेलच्या टोळक्यातला एकजण असाच चेन्नईजवळच्या पट्ट्यात जाऊन पडला. बाकीचे नाशिक, नागपूर, पुणे, एक शारजा. सगळे मिळून फोनवरच्या एका गटात. तिथे काय चालतं? नाशिककराच्या लॅब्रॅडॉरने कुणाची चप्पल खाल्ली. आईला घेऊन कोणता सिनेमा पाहिला, मुलं मध्येच उठून गेली का. ताम्हिणीला धुकं होतं की नुसतीच गर्दी. चाळिशी ओलांडलेली, शिकलेली, कर भरणारी माणसं रात्री साडेदहाला या गोष्टींवर तासभर बोलतात, याचं घरच्यांना हसू येतं आणि विचारवंतांना दुःख होतं. समाजाच्या बौद्धिक दिवाळखोरीचा पुरावा म्हणून असे गट दाखवायची तर हल्ली पद्धतच पडली आहे.

मला हे दुःख खोटं वाटतं. मोठ्या विषयांनी मैत्री टिकते हा समज मुळात वादविवाद स्पर्धेतला. वीस वर्षांपूर्वी एका मेसमध्ये जेवणाऱ्यांच्या पगारात आज चौपट-पाचपटीचं अंतर पडलेलं असतं. एकाची नोकरी गेलेली असते, एकाचा घटस्फोट चालू असतो, एकाच्या मुलाला हवं ते कॉलेज मिळालेलं नसतं. राजकारणाने तर गेल्या दहा-बारा वर्षांत किती गट उभे फोडले हे प्रत्येकाने पाहिलं आहे. आरक्षणावरून तुटलेली मैत्री सांधली गेल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. अशा वेळी कुत्रं, सिनेमा आणि रविवार हे तीन विषय उरतात ते डोकं रिकामं असल्यामुळे नव्हे. कुणालाही खाली मान घालावी न लागता तोंड उघडता येईल, अशा फार थोड्या जागा शिल्लक आहेत. या त्यांतल्या तीन.

शिवाय या गप्पांत बातमी असते, फक्त ती सरळ येत नाही. इरुंगाट्टुकोट्टैचा मित्र एरवी रविवारचा फोटो न चुकता टाकायचा: महाबलीपुरम, कांचीपुरम, वंडलूरचं प्राणिसंग्रहालय. मध्ये काही रविवार ‘घरीच होतो’ एवढंच येऊ लागलं. बाकीच्यांनी अंगठे दाखवले. नागपूरवाल्याने मात्र गटात काही न लिहिता थेट फोन लावला आणि पहिलाच प्रश्न केला, “काय रे, लाईन बंद आहे का?” होती. कंत्राटी मुलांना घरी पाठवलं होतं आणि याचाही नंबर लागेल अशी कुजबुज होती. ‘माझी नोकरी धोक्यात आहे’ हे वाक्य कोणताही पुरुष दहा जणांच्या गटात टाकत नाही. ‘कुठे गेलो नाही’ हे टाकतो. ते वाचायला मात्र आधीचे सगळे फालतू रविवार वाचलेले असावे लागतात.

कौटुंबिक सिनेमाचं तर चेन्नईशी, म्हणजे तेव्हाच्या मद्रासशी, जुनं नातं आहे, आणि आमच्या गटात ते कुणाच्या गावी नव्हतं. आपल्या आयांनी डोळ्याला पदर लावून पाहिलेले हिंदी घरगुती सिनेमे मोठ्या संख्येने मद्रासहून आले. एव्हीएमचा ‘भाभी’ 1957 चा, एल. व्ही. प्रसाद यांचा ‘छोटी बहन’ 1959 चा, जेमिनीचा ‘घराना’ 1961 चा. 1971 च्या ‘हाथी मेरे साथी’चे निर्माते सँडो चिन्नप्पा देवरही तमिळ सिनेमातलेच; जनावर पडद्यावर आणलं की अख्खं कुटुंब तिकीट काढतं, हे त्या गृहस्थांनी पक्कं ओळखलं होतं. म्हणजे पाळीव प्राणी आणि कौटुंबिक सिनेमा ही आमच्या गटातली जोडगोळी पन्नास वर्षांपूर्वीच मद्रासच्या बाजारात खपून गेली होती.

त्याच परंपरेतला दिग्दर्शक विसूचा ‘संसारम् अदु मिनसारम्’ (1986, हिंदीत पुढच्या वर्षी ‘संसार’) मला आमच्या विषयाला जास्त जवळचा वाटतो. पैशावरून बाप-लेकाचं बिनसतं आणि भर घरात खडूची रेघ ओढली जाते. पुढे थोरली सून खटपट करून सगळं जुळवून आणते. आता सगळे पुन्हा एका छपराखाली, असं प्रेक्षक धरून चालतो, तर तीच सून नको म्हणते. वेगळे राहू, येत-जात राहू, प्रेम तेवढ्याने टिकेल, असा तिचा हिशेब. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या सिनेमांच्या राशीत हा शेवट उठून दिसतो. आमचा गट म्हणजे या सुनेचाच तोडगा आहे. रोज एका खोलीत राहिलो असतो तर आमचं कधीच फाटलं असतं.

तीन विषय सुरक्षित आहेत असं म्हटलं खरं, पण 2025 च्या ऑगस्टमध्ये त्यातलाही एक गेला. सर्वोच्च न्यायालयाने 11 तारखेला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. 22 तारखेला मोठ्या पीठाने त्यात बदल केला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री पुन्हा त्यांच्या जागी सोडायची, पिसाळलेली नि हल्लेखोर नाहीत, आणि खायला घालायचं ते ठरलेल्या ठिकाणीच. त्या अकरा दिवसांत आमचा लॅब्रॅडॉरवाला आणि पहाटे कुत्र्यांच्या भीतीने हातात काठी घेऊन फिरणारा पुणेकर यांच्यात जी जुंपली ती लोकसभेच्या वेळीही जुंपली नव्हती. पुलंनी कुत्रे पाळणाऱ्या यजमानांची टिंगल केली तेव्हा प्रश्न पाहुण्याच्या पोटरीचा होता. आता तो महानगरपालिकेचा झाला आहे. विशेष म्हणजे इरुंगाट्टुकोट्टैकर या भांडणात एकटा माहितीनिशी बोलला. ब्लू क्रॉस ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था चेन्नईत कित्येक दशकांपासून आहे, आणि भटक्या कुत्र्यांना मारण्याऐवजी नसबंदी करण्याचा मार्ग या शहराने 1996 मध्येच धरला, केंद्राचे नियम येण्याच्या पाच वर्षं आधी. हे त्याने गटात वाचलं नव्हतं. कारखान्याच्या फाटकावरच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा सुरक्षारक्षकाबरोबर तिला ब्लू क्रॉसकडे घेऊन गेल्यामुळे ते त्याच्या कानावर पडलं होतं.

आता माझी खरी तक्रार. गटातल्या गप्पा फालतू आहेत ही नव्हेच. त्या इतक्या उबदार आहेत की त्यांच्या जोरावर माणूस एखाद्या गावात वर्षानुवर्षं राहतो आणि त्या गावाचा होत नाही. आमचा हा मित्र पहिली काही वर्षं शरीराने इरुंगाट्टुकोट्टैला आणि जिभेने डेक्कनला होता. शेजारी कोण राहतं याची गंधवार्ता नाही, पण कोथरूडमध्ये नवं काय उघडलं ते तोंडपाठ. रविवारचे फोटोही गटासाठीच काढलेले, कुणीही गूगलवरून उचलावेत असे. घरापासून जवळच मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची 1990 पासूनची रेसची धावपट्टी आहे, तिचा फक्त आवाज त्याला माहीत. चेन्नईला जाताना चेंबरंबाक्कमचा अवाढव्य तलाव लागतो. 2015 च्या डिसेंबरात त्याचं पाणी सोडल्यावर अड्यार नदीकाठी काय झालं हे तिथलं पोरसोर सांगतं. याला ते खूप उशिरा कळलं.

याउलट तंजावरी मराठी घरं पाहा. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं, तेव्हापासून ही मंडळी तिकडे आहेत. चेन्नईतही त्यांची घरं आहेत. साडेतीनशे वर्षं घरात मराठी राहिली, वळण बदललेली, आपल्या कानाला गंमतशीर लागणारी, पण राहिली. गावाकडच्या मित्रांचा गट नव्हता म्हणून ती मेली नाही. आणि दाराबाहेर ही माणसं पूर्ण तमिळ झाली. आपल्या आजच्या बदलीवाल्यांचं नेमकं उलटं होतं: भाषा फोनमध्ये शाबूत, आणि दाराबाहेर इंग्रजीच्या कुबड्या. त्यांना राजाश्रय होता, जमिनी होत्या, यांच्याकडे अकरा महिन्यांचा भाडेकरार आहे, हा फरक मी नाकारत नाही. पण अकरा महिन्यांचा करार दहा वेळा नवा झाला की तो सबब म्हणून पुरत नाही.

तीन विषयांत सिनेमा फोनवर भागतो, सहलही फोटोवर भागते. कुत्रं भागत नाही. त्याला सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर न्यावं लागतं, आणि रस्ता तमिळ बोलतो. फाटकावरच्या त्या कुत्रीचं एक पिल्लू मित्राने घरी आणलं. राजपाळयम किंवा चिप्पिपारै वगैरे नामांकित जात नव्हे, साधं गावठी, तांबूस. त्याच्यापायी जनावरांचा डॉक्टर आला, मटणाच्या दुकानातला हाडं राखून ठेवणारा अण्णा आला, पिल्लाला बघायला येणारी समोरच्या घरातली मुलं आणि त्यांची आजी आली. त्या आजीच्या नातवाबरोबर तो वेडंतांगलला गेला, तेव्हा तळ्याकाठच्या शेतकऱ्यांनी त्याला सांगितलं की पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचं पाणी सकस होतं आणि तेच शेताला जातं, म्हणून तिथे पूर्वापार कुणी पक्ष्यांवर बंदूक चालवू देत नाही. त्या रविवारी गटात फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशी एक लांबलचक, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेला मजकूर आला, आणि बऱ्याच दिवसांनी सगळ्यांनी तो नुसता अंगठा न दाखवता वाचला.

हल्ली तो गटावर कमी असतो. नाशिककराचं म्हणणं, साहेबांना आता आमची गरज उरली नाही. मला हे पटत नाही. इतकी वर्षं फोनवर घासून तयार झालेल्या बडबडीला त्याने एकदाचं घराबाहेर काढलं आहे, आणि तमिळमध्ये ती अजून त्याला नीट जमत नाही, म्हणून वेळ जास्त लागतो.