मेजावरील अडोवा

युद्धाचा खेळ करावा काय, हा प्रश्न जुना आहे. एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिटल् वॉर्स’ लिहिलें, तेव्हां शिशाच्या शिपायांची लढाई खऱ्या लढाईहून बरी, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढल्याच वर्षीं महायुद्ध पेटलें! खेळ मात्र टिकला. आज बोटाच्या पेराएवढे इथिओपियन योद्धे रंगवून ते फांशांच्या दानावर लढविणारे हौशी लोक आहेत.

हें सैन्य घडवितांनाच पहिली कसोटी लागते. अंगावर पांढरा सुती शम्मा, हातीं वाटोळी ढाल व भाला, अशा रांगांनीं मेज शोभतें खरें. परंतु १ मार्च १८९६ रोजीं अडोव्यास सम्राट् मेनेलिकच्या सुमारें १ लाख फौजेंतील बहुतेकांपाशीं बंदुका होत्या, आणि त्यांतल्या कांहीं तर पूर्वीं इटलीनेंच स्नेहानें दिलेल्या. केवळ भालेकरी मांडणारा खेळाडू नकळत जुन्या तिरस्काराचीच री ओढतो. जनरल बाराटिएरीचे सुमारें १७ हजार लोक रात्रीच्या चालींत एकमेकांपासून दुरावले व आल्बेर्तोनेची तुकडी फार पुढें जाऊन एकटी सांपडली. त्यांना गांठणारी फौज ही कांहीं रानटी झुंड नव्हती.

विजयानंतर इटलीच्या बाजूनें लढलेल्या अनेक एरिट्रियन कैद्यांचे उजवे हात व डावे पाय तोडले गेले. तांबड्या टोपीचा चिमुकला अस्करी खेळ संपतांच पेटींत निजतो. त्याला पेटींत ठेवणाऱ्यानें एवढें तरी जाणून असावें.

पण १९३५-३६ चें युद्ध? १९२५ च्या जिनीव्हा करारानें बांधलेली असतांही इटलीनें विमानांतून मोहरी-वायु सोडला. तो वगळावा तर इटली निर्दोष ठरते. घ्यावा तर होरपळलेलीं माणसें फांशाच्या एका दानाचा विषय होतात. आमच्या मतें खेळांत दोन्ही पक्षांस निवड हवी. अडोव्यास ती होती. बाराटिएरी आणखी कांहीं दिवस थांबता, तर रसद संपत आलेला मेनेलिकच मागें फिरण्याचा संभव होता. तोफेपुढल्या शिपायास कोठें निवड असते, असें कोणी विचारील. आक्षेप खरा आहे, व त्याचें पुरतें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. मात्र खेळाडू बसतो तो सेनापतीच्या जागीं. वायूखालीं सांपडलेल्या खेड्याचा सेनापति कोण, आणि त्यानें कोणती चाल करावी? तें युद्ध मेजावर न मांडतां वाचावें. सम्राट् हैले सेलासी यांनीं ३० जून १९३६ रोजीं राष्ट्रसंघापुढें केलेलें भाषण त्यासाठीं उपलब्ध आहे.