नोंदवही आणि मांडी

मुलाचा सांभाळ नीट झाला, याचा पुरावा कोणता? मूल जेवले, खेळले, पडून रडले तेव्हा कोणाच्या तरी मांडीवर शांत झाले, हा सर्वांत खरा पुरावा; पण तो तिन्हीसांजेपर्यंत पुसून जातो. मागे उरतो तो कागद. मूल शेजारणीकडे ठेवून जाणाऱ्या आईला कागद लागत नाही. ती त्या बाईला ओळखते, तिच्या घरातली चूल ओळखते, आणि घरी आल्यावर मुलाचे तोंड पाहून सारे काही वाचते. शासनाला हे शक्य नाही. लाखो मुलांची तोंडे त्याला वाचता येत नाहीत, म्हणून ते नोंद मागते. आईची गरज खरी आहे आणि शासनाचीही. प्रश्न एवढाच उरतो की, सांभाळ करणाऱ्या बाईचा दिवस आधी कोणाचा, मुलाचा की नोंदीचा?

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारखी गावे डोळ्यांसमोर आणावीत. वस्ती विखुरलेली; कितीतरी घरांतील कर्ते पुरुष मुंबईस किंवा आखाती देशांत पोटापाण्यासाठी गेलेले; आईच्या मागे घर, शेत आणि मोलमजुरी. अशा गावांत लहानग्यांचा सांभाळ घरातल्या म्हातारीपाशी, शेजारणीपाशी आणि अंगणवाडीत होतो. जेथे स्वतंत्र इमारत नसते तेथे अंगणवाडी कोणाच्या तरी पडवीत, देवळात, समाजमंदिरात, कधी सेविकेच्याच घरात भरते. घर आणि संस्था यांच्यामधला उंबरठा तेथे फार ठेंगणा असतो.

मुळात 'अंगणवाडी' हा शब्दच घराजवळचा आहे. ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तेथली माती, पाने, शंख-शिंपले हीच खेळणी झाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्याबरोबर अंगणवाडी हे नाव देशभर रूढ झाले.

योजना वाढली तशी वह्याही वाढल्या. २०१२ नंतरच्या सुधारित पद्धतीत एका अंगणवाडीसाठी अकरा नोंदवह्या ठरविल्या गेल्या. कुटुंबांची माहिती, आहाराचा साठा, आहाराचे वाटप, पूर्वशालेय शिक्षण, गरोदरपण व बाळंतपण, लसीकरण, जीवनसत्त्व 'अ', गृहभेटी, संदर्भ सेवा, मुलांची वजने आणि या सर्वांचा मासिक व वार्षिक गोषवारा. मग भ्रमणध्वनी आला. २०२१ साली 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आले. हातातले यंत्र कमी क्षमतेचे, ते बिघडले तर दुरुस्तीचा भुर्दंड, आणि ॲपची भाषा इंग्रजी, अशा तक्रारी करीत त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. २०२५ साली घरी न्यावयाच्या शिध्यासाठी लाभार्थीचा चेहरा ॲपवर पडताळणे सक्तीचे झाले. ज्या डोंगरवाडीत फोनला रेंज नाही, तेथे समोर उभ्या असलेल्या, जन्मापासून ओळखीच्या बाईचा चेहरा यंत्राला ओळखता येईपर्यंत शिधा थांबवावा काय? शिवाय सर्वेक्षणे आहेतच. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरण्याचे कामही सेविकांकडे आले. एक फॉर्म भरावयास लागणारा वेळ थोडा असतो हे खरे. परंतु तो वेळ ज्या घड्याळातून निघतो, त्याच घड्याळावर तीस मुलांची गाणी, गोष्टी आणि जेवण चालते.

यावरून कागद जाळून टाकावा, असे म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील पुष्कळ बालमृत्यू सरकारी दप्तरात येतच नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या मुलाची नोंद नाही, त्याचा मृत्यूही कोणाला जाब विचारू शकत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथे नोव्हेंबर २०१६ मध्ये एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण कॅमेऱ्याने टिपली म्हणूनच उघडकीस आली. ते तान्हे बोलू शकत नव्हते; यंत्राने त्याच्या वतीने साक्ष दिली. जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडाले आणि तळियेवर दरड कोसळली. अशा रात्रीनंतर कोणत्या घरात किती लेकरे होती, कोण बाई गरोदर होती, हे सांगणारी वही गावात असणे ही किती मोठी गोष्ट आहे! म्हणून नियम आणि नोंद यांचे मूळ अविश्वासात असलेच पाहिजे असे नाही. दुबळ्याची आठवण ठेवणे, हे नोंदीचे पहिले आणि पवित्र काम आहे.

मग भेद कोठे करावा? माझ्या मते नोंदी दोन प्रकारच्या असतात. एक नोंद मुलाकडे परत येते. तीन महिने वजन वाढले नाही, असे तक्त्यावर दिसताच सेविका त्या घरी जाते, आईशी बोलते, मुलाला आरोग्य केंद्रात पाठविते. दुसरी नोंद मुलापासून निघते ती वर वर जाते आणि पुन्हा कधी खाली येत नाही. ती कोणी वाचत नाही. ती नसली तर मात्र सेविकेला कारणे दाखवा नोटीस येते. पहिली नोंद हा सांभाळाचाच भाग होय. दुसरी नोंद वरच्या माणसाने आपली जबाबदारी खालच्याच्या डोक्यावर ठेवल्याची पावती होय.

दुसऱ्या प्रकारच्या नोंदीत आणखी एक धोका आहे. भयाने भरलेली वही खोटे बोलू लागते. कुपोषित मूल सापडले म्हणजे आपणच दोषी ठरू, असे ज्या बाईला वाटते, तिचा हात वजनाच्या काट्यापाशी अडखळणारच. म्हणजे ज्या कागदाने मुलाचे रक्षण करावयाचे, तोच त्याला झाकून टाकतो. प्रामाणिक नोंद हवी असेल, तर नोंद करणारीला प्रथम निर्भय केले पाहिजे.

येथे न्यायाचाही प्रश्न येतो. हिशेब मागताना सेविका शासनाची पुरी नोकर असते. मोबदला देताना मात्र ती मानसेवी ठरते आणि तिच्या हाती पडते ते वेतन नव्हे, मानधन. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असा निर्णय दिला. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असे सांगितले. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका व मदतनिसांना पन्नासहून अधिक दिवस संपावर राहावे लागले. ज्याच्याकडून पै-पैचा जाब घ्यावयाचा, त्याला पै-पैचा हक्कही दिला पाहिजे. कर्तव्याच्या वेळी एक नाव आणि हक्काच्या वेळी दुसरे, हे नीतीला धरून नाही.

घरी चार मुले सांभाळणाऱ्या शेजारणीचा विचारही याच मापाने करावा. खारघरसारखी घटना घडली की पाळणाघरांसाठी कडक नियम हवेत, अशी मागणी होते आणि ती योग्यच आहे. परंतु शंभर मुलांच्या संस्थेसाठी बेतलेला अंगरखा या बाईच्या अंगावर चढविला, तर ती मुले ठेवणे बंद करील. मुले मग सुरक्षित जागी जातील असे थोडेच आहे? ती थोरल्या बहिणीच्या कडेवर जातील आणि त्या बहिणीची शाळा सुटेल. तिच्याकडून मागावे ते थोडके आणि नेमके: कोणत्या मुलाला काय सोसत नाही, अडीअडचणीला कोणाला बोलवावे, औषध कोठे आहे. आणि त्याबरोबर कोणीतरी अधूनमधून तिच्या घरी जाऊन, बसून, मुलांशी बोलून यावे. एक डोळस भेट दहा फॉर्मांहून अधिक पाहते.

नव्या नोंदीचा हुकूम काढणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ही माहिती आधीच दुसऱ्या वहीत आहे काय? ती आल्यावर मी मुलासाठी काय करणार आहे? आणि तिच्या बदल्यात मी कोणती जुनी वही बंद करीत आहे? उत्तरे नसतील, तर हुकूम थांबवावा.

आपणा पालकांकडेही थोडे काम येते. अंगणवाडीत गेलो की आपण शिधा घेतो, अंगठा देतो आणि परततो. आपल्या मुलाचा वजनाचा तक्ता मागून पाहण्याची सवय आपल्याला नाही. गावाने तो वाचला, तर सेविकेने भरलेल्या ओळीला अर्थ येईल, आणि न वाचल्या जाणाऱ्या ओळी कोणत्या, हेही ती सर्वांना निर्भयपणे दाखवू शकेल. तुडीलच्या मुलाविषयी जे जाणून घ्यावयाचे, ते आधी तुडीलने जाणून घ्यावे. वर पाठवावयाचा कागद त्यानंतरचा.