घड्याळाला साक्षीदार कोण?

इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या संगणकात वेळ मोजणारी यंत्रणा एकच नसते, आणि त्या सगळ्यांचे एकमत होईलच असेही नाही. १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला पीआयटी हा टायमर सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके देतो. एसीपीआय टायमर ३५,७९,५४५ ठोके देतो, एचपीईटी निदान एक कोटी. १९९३च्या पेंटियमपासून खुद्द प्रोसेसरमध्येच टीएससी हा मोजणारा आहे. लिनक्सचा कर्नेल त्यांना गुण देतो: पीआयटीला ११०, एसीपीआयला २००, एचपीईटीला २५०, टीएससीला ३००. टीएससी वाचायला प्रोसेसरबाहेर जावे लागत नाही, म्हणून तो सर्वांत वेगवान. पण जुन्या प्रोसेसरांत त्याची गती वीजबचतीबरोबर बदलायची आणि दोन प्रोसेसरांचे आकडे जुळायचे नाहीत. मग ज्या घड्याळाने बाकी सगळे मोजायचे, ते बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे? हा प्रश्न अभियंत्यांच्या आधी कितीतरी शतके आपल्या प्रमाणशास्त्राने विचारला आहे, आणि त्यातले मीमांसकांचे उत्तर मला इथे अधिक खरे वाटते.

नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून ठरते: कारणाचे गुण पाहा, त्या ज्ञानावर केलेली कृती सफळ होते का ते पाहा. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांचे म्हणणे उलटे. दुसऱ्या ज्ञानाने पहिले पडताळायचे, तर दुसऱ्याला तिसरे लागेल आणि अनवस्था कधी संपणार नाही. म्हणून ज्ञान स्वतः प्रमाण धरावे. ते रद्द व्हावे दोनच कारणांनी: त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान उभे राहिले, किंवा ते ज्या कारणातून आले त्यातच दोष सापडला. शंका आलीच तर तीन-चार ज्ञानांपर्यंत जावे, पुढे नाही.

आता कर्नेलमधली एक छोटी गोष्ट जवळून पाहा. काही जुन्या चिपसेटांत एसीपीआय टायमर मधूनच भलताच आकडा देई. त्यावर उपाय असा की कर्नेल तो लागोपाठ तीनदा वाचतो. तिन्ही आकडे क्रमाने बसले तर मान्य, नाहीतर पुन्हा तीन. दुसऱ्या घड्याळाला कौल लावायला तो जात नाही. टीएससीचेही तसेच. तो आधी स्वीकारला जातो आणि दर अर्ध्या सेकंदाने एचपीईटीसारख्या राखणदाराशी ताडून पाहिला जातो. मर्यादेबाहेर तफावत दिसली की ‘अस्थिर’ ठरवून बाजूला काढला जातो.

यावर नैयायिक म्हणेल की हा राखणदार म्हणजेच परतःप्रामाण्य. शिवाय संगणक सुरू होताना टीएससीची गती अनेकदा पीआयटी किंवा एचपीईटीवरूनच मोजतात. आक्षेप वजनदार आहे. पण त्या एचपीईटीची गती कोणी पडताळली? ती त्याच्याच रजिस्टरमधून वाचून तशीच मानली जाते. पडताळणीची साखळी कुठेतरी न पडताळलेल्या विश्वासावरच थांबते. राखणदार फक्त बाध दाखवतो. प्रामाण्य तो बहाल करत नाही. आणि राखणदारही चुकतो. इंटेलच्या कॉफी लेक पिढीच्या काही संगणकांत खोल झोपेच्या अवस्थेत एचपीईटीच थांबे आणि निर्दोष टीएससीवर ठपका येई. कर्नेलकारांनी तिथे एचपीईटीच बंद केला. पुढे गती न बदलणाऱ्या, झोपेतही न थांबणाऱ्या टीएससीसाठी, मोजके सॉकेट असलेल्या यंत्रांवर, राखणदार उठवला. नैयायिक याला कारणाचे गुण पाहणे म्हणेल. पण तिथे तपासले काय, तर जुने ज्ञात दोष उरलेत का एवढेच. कुमारिलांचे दुसरे कारण ते हेच.

कोणी म्हणेल, अंतिम निकाल अणुघड्याळाकडे असतोच. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियमची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने हे खरे. पण आंतरराष्ट्रीय अणुकालसुद्धा एका घड्याळावर चालत नाही. जगभरच्या शेकडो घड्याळांची भारित सरासरी काढून तो ठरतो, आणि ज्याची चाल बिघडते त्याचे वजन कमी होते. तिथेही वर बसलेला कोणी एकच साक्षीदार नाही.

म्हणून सर्व्हरवर टीएससी विश्वसनीयच समजावा असा हुकूम बूटच्या ओळीत लिहिणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे: त्या हुकमाने घड्याळ सुधारत नाही, फक्त बाध दाखवणारा राखणदार गप्प होतो. आपल्या प्रोसेसरमध्ये आणि बोर्डात कारणदोष नाही हे आधी पाहावे, मगच तो लिहावा.