रविवारची मंडळी व सोमवारची मंडळी

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यात आमचे जाणे झाले असता तेथील तरुण उपदेशकाने उपासनेनंतर आम्हांस बाजूला नेऊन एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “पाळकसाहेब, आमच्या मंडळीतील सर्व घरे रविवारी एका सतरंजीवर बसतात, एका सुरात गातात, प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीतून घेतात. पण सोमवार उजाडला, की कोणी कोणाच्या घरचे पाणी प्यावे, कोणी कोणाकडे सोयरीक करावी, हे सारे जुन्या रीतीनेच चालते. मग आमचे रविवारचे एकत्र बसणे हे ढोंग नव्हे काय? आणि ते ढोंग असेल, तर मी दर रविवारी घंटा कशासाठी वाजवू?”

त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही, कारण उत्तर आमच्याजवळ नव्हते. हा प्रश्न काही एका गावाचा नाही. जेथे जेथे मंडळी आठवड्यातून एकदा जमते व सहा दिवस पांगते, तेथे तेथे तो उभा आहे. म्हणून आज तो आम्ही सर्व वाचकांपुढे ठेवितो. प्रश्न थोडक्यात असा की, मने एक झाली नसता शरीराने एकत्र बसणे हे पाप आहे, की मने एक होण्याचे ते साधन आहे?

विचारास काही आधार असावा म्हणून प्रथम एका शहराची हकीकत सांगतो. ते शहर म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीचे अहमदनगर. त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ साली सुरू झाले व १८३३ साली तेथे मंडळी स्थापन झाली. पुढे सत्तर वर्षांनी, म्हणजे १९०० सालच्या सुमारास, त्या शहरातील रविवारच्या उपासनेस कोण कोण येत असे, हे डोळ्यांपुढे आणावे. ब्राह्मण कुळात जन्मलेले विद्वान गृहस्थ होते. महारवाड्यातून व मांगवाड्यातून आलेली कुटुंबे होती. शाळामास्तर होते, उद्योगशाळेत हातमागाचे व सुतारीचे काम शिकणारे तरुण होते, ईश्वरविद्या शिकणारे विद्यार्थी होते, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गमावलेली मुलेही होती. त्यांच्यामध्ये परदेशातून आलेले मिशनरी बसत. त्या काळच्या शहरात एवढ्या प्रकारची माणसे एका छपराखाली बसलेली दुसरीकडे क्वचितच दिसली असती.

आठवड्याचा क्रम साधा होता. घरोघर घड्याळे नव्हती. म्हणून घंटेवर लोक निघत. मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग होई, मग उपासना होई. बायका एका बाजूस व पुरुष दुसऱ्या बाजूस बसत. आठवड्याच्या मध्ये प्रार्थनासभा असे. जन्म, लग्न, मरण ह्या तिन्ही वेळी हीच मंडळी दारात उभी राही. प्लेगाच्या वर्षांत लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहावयास गेले, तेव्हा कोण मागे राहिला, कोण आजारी आहे, ह्याची चौकशी करावयासही हीच माणसे होती. गायनाचीही तीच गोष्ट. पूर्वी बरीचशी गीते परकीय चालींवर बसविलेली असत. कृष्णराव सांगळे ह्यांनी कीर्तनाच्या द्वारे व रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी आपल्या अभंगांनी व भजनांनी उपासनेला ह्या मातीचा सूर दिला. ज्यास अक्षर येत नव्हते अशा म्हातारीसही टाळ घेऊन सर्वांबरोबर गाता येऊ लागले.

आता हे लक्षात घ्यावे, की त्याच काळी बाहेरच्या जगात सार्वजनिक विहिरीवर महारास अथवा मांगास हात लावण्याची मनाई होती. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी घेतले ते १९२७ साली; आणि अस्पृश्यता नष्ट करणारी राज्यघटना अमलात आली ती १९५० साली. म्हणजे देशाचा कायदा जेथे पुष्कळ वर्षांनी पोहोचला, तेथे रविवारची ती खोली आधीच पोहोचली होती. १८३९ साली हरिपंत खिस्ती ह्या ब्राह्मण गृहस्थांनी नगरास बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासारख्यांनी प्रभुभोजनास ज्यांच्या शेजारी बसावयाचे, त्यांची सावलीही त्यांच्या वाडवडिलांनी टाळली होती. हे लहान काम नव्हे.

परंतु सत्य सांगावयाचे तर पुरे सांगावे. जुने अंतर बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात धुऊन गेले नाही. वरच्या कुळाची आठवण राहिली. महारवाडा व मांगवाडा ह्यांमधील दुरावाही राहिला. सभेत एकत्र बसणारे लोक सोयरिकीच्या वेळी जुनी वाट धरीत. तेव्हा आमच्या तरुण उपदेशकाचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही कोणाच्या तरी मनात आलाच असेल.

येथे लक्ष्मीबाई टिळक ह्यांची हकीकत आमच्या फार उपयोगी पडते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यानंतर काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. आणि परत आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सोडिले नाही, स्वयंपाक व पाणी वेगळे ठेविले. मन मानीत नव्हते, म्हणून त्यांनी मानल्याचा देखावा केला नाही. पुढे जात ही देवाने केली की मनुष्याने, हा विचार त्यांच्या मनात उभा राहिला. ती मनुष्याची करणी आहे असे पटताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, त्यानंतर झाला. ही सर्व हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात आहे. आधी पाण्याचा प्रश्न सुटला, मग मंडळीचे दार उघडले.

ह्यावरून कोणी म्हणेल, “हेच खरे! मन बदलेपर्यंत वेगळे राहावे, उगाच एकत्र बसू नये.” परंतु आम्हांस ह्यातून निराळाच धडा दिसतो. लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते दूर राहून नव्हे. त्या पतीजवळ आल्या; ज्यांना आपण शिवत नाही अशा माणसांची ये-जा त्यांनी आपल्या दारात पाहिली, त्यांची सुखदुःखे पाहिली, आणि मग तो विचार उभा राहिला. जवळीक आधी आली. मन मागून आले. मनुष्याचे मन बहुधा असेच चालते. पोहणे आल्यावरच पाण्यात उतरेन असे जो म्हणतो तो काठावरच म्हातारा होतो.

पवित्र शास्त्रातही हीच रीत दिसते. करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनासाठी जमे, तेव्हा ज्यांच्या घरी भरपूर होते ते आधीच पोटभर जेवून घेत, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत. एकाच खोलीत एक धुंद व दुसरा भुकेला! ह्याहून मोठे ढोंग कोणते? पौलाने त्यांस कडक शब्दांत दोष दिला. परंतु जमणे बंद करा, असे त्याने लिहिले नाही. एकमेकांची वाट पाहा व प्रत्येकाने स्वतःस पारखून घ्या, असे त्याने सांगितले. प्रभु येशूच्या उपदेशातही, वेदीजवळ आल्यावर भावाचे मन आपल्यावर रुष्ट आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून त्याच्याकडे जावे असे आहे. पण तेवढ्यावर तो उपदेश संपत नाही. समेट करून परत यावे व मग अर्पण करावे, असेही त्यात आहे. आणि हेही पाहावे, की भावाची आठवण झाली ती वेदीपाशी. तो मनुष्य घरीच बसला असता, तर कदाचित ती झालीच नसती.

तेव्हा ढोंग कशास म्हणावे? आमच्या मते आचार व मन ह्यांत अंतर असणे एवढ्याने ढोंग होत नाही. तसे असते तर आम्हां सर्वांस मंदिराबाहेरच उभे राहावे लागते. जो ते अंतर झाकतो, ते कोणी दाखविले तर रागावतो, आणि रविवारच्या बसण्याने आपले देणे फिटले असे मानतो, तो ढोंगी. जो ते अंतर ओळखतो, त्याची लाज बाळगतो, आणि सोमवारी ते बोटभर तरी कमी करू पाहतो, तो शिकाऊ आहे. दोघेही एकाच सतरंजीवर बसलेले असतात व दोघांचे गाणे सारखेच ऐकू येते. त्यांच्यातील फरक कळतो तो सोमवारी.

हे आम्ही उंचावर बसून सांगत नाही. आमच्या देखरेखीखालील एका मंडळीत दोन चुलतभाऊ होते. शेताच्या बांधावरून त्यांचे बिनसले व चार वर्षे ते एकमेकांशी बोलले नाहीत. दोघेही उपासनेस नेमाने येत, दोघेही हंगामाच्या सणास धान्य आणीत. आम्हांस सर्व ठाऊक होते. आम्ही दोघांच्याही घरी जात असू, चहा घेत असू, व एकाच्या घरी दुसऱ्याचे नाव काढीत नसू. ह्याला आम्ही शहाणपण म्हणत होतो. एके दिवशी मंदिर झाडणारी म्हातारी आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, त्या दोघांचं भांडण तर आहेच, पण ते जपून ठेवलंय तुम्ही.” त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. ढोंग त्या दोघांचे आहे असे आम्ही समजत होतो. त्यात आमचा वाटा सर्वांहून मोठा निघाला.

पुढच्या आठवड्यात आम्ही थोरल्या भावाच्या घरी जाऊन धाकट्याचे नाव काढिले. तो रागावला, व एक महिना उपासनेस आला नाही. त्या उन्हाळ्यात गावातील विहिरी आटल्या व टँकरने पाणी येऊ लागले. धाकट्याची बायको तापाने पडली होती; रांगेत उभे राहावयास त्यांचे कोणी नव्हते. थोरल्याच्या मुलाने दोन हंडे भरून त्यांच्या दारात नेऊन ठेविले. बाप ओट्यावर बसून पाहत होता; त्याने मुलास मना केले नाही. बांधाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. परंतु त्या घरचे हंडे ह्या घरी येऊ लागले आहेत, आणि थोरला भाऊ पुन्हा उपासनेस येतो.

आमच्या उपदेशक बंधूंस ह्यावरून दोन गोष्टी सुचवितो. पहिली ही, की ज्या आठवड्यात प्रभुभोजन असेल, त्या आठवड्यात ज्या घरांत अबोला आहे त्या घरी आधी जावे, आणि जे नाव काढावयाचे टाळितो तेच काढावे. दुसरी ही, की रविवारची भाकर मंदिरात संपू देऊ नये. सुमारे १५० साली जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने रोमच्या बादशहास आपल्या लोकांच्या उपासनेचे वर्णन लिहून कळविले. त्यात तो सांगतो, की शहरात व खेड्यात राहणारे सर्वजण रविवारी एके ठिकाणी जमतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे भाकरीचा वाटा सेवकांच्या हाती पाठवितात. आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके ह्यांस मदत करितात. म्हणजे उपासना तेथे दाराशी संपत नसे; ती तेथून निघून आजाऱ्याच्या खाटेपाशी जात असे. आमच्या खेड्यांतही महिन्यातून एकदा प्रत्येक घरची भाकर एका टोपलीत जमा करून ती सर्वांनी मिळून खावी, व जो अंथरुणावर आहे त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचवावा. टोपलीतून हातात आलेली भाकर कोणाच्या चुलीवरची, हे कोणी विचारू नये. ह्यास पैसा लागत नाही, मिशनची परवानगी लागत नाही. लागते ते थोडे धैर्य.

त्या तरुण उपदेशकास आता आमचे उत्तर असे आहे: बाबा, घंटा वाजव. जे मनाने एक झाले आहेत त्यांच्यासाठी ती नाही. जे झाले नाहीत त्यांच्यासाठीच ती आहे. परंतु घंटा वाजवून तुझे काम संपले असे समजू नकोस. रविवारी ज्यांस एका सतरंजीवर बसविलेस, त्यांच्या दारी सोमवारी जा, आणि पहिल्याच घरी पाणी मागून पी. तू कोणाच्या घरी पाणी पितोस व कोणाच्या घरी पीत नाहीस, हे मंडळी तुझ्या उपदेशापेक्षा अधिक लक्ष देऊन पाहत असते. आमच्याकडेही ती तसेच पाहत होती; आम्हांस ते फार उशिरा कळले. तुला ते लवकर कळो, आणि तुझ्या गावचा सोमवार रविवारच्या जवळ येवो, एवढीच प्रभूजवळ आमची मागणी आहे.