दुसऱ्या भाषेतला विद्यार्थी

स्पेनमध्ये किंवा मेक्सिकोत शिकायला गेलेल्या मराठी मुलाचे हाल विचारले, की घरचे आधी जेवणाची काळजी करतात. जेवणाचा प्रश्न लवकर सुटतो. स्पेनमध्ये दुपारी दोन-तीनला आणि रात्री नऊ-दहाला जेवायची पोटाला सवय होते. मेक्सिकोत मक्याची तोर्तिया रोजच्या ताटात असते, भाकरीवर वाढलेल्याला ती परकी वाटत नाही. छळतं ते वेगळंच. घरी हजरजबाबी असलेलं पोर तिथे मुकं होतं. घासाघीस करता येत नाही. विनोद सुचेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. ठणका, कळ, चमक यांतला फरक डॉक्टरला सांगता येत नाही, ‘दुखतंय’ एवढंच सांगून गप्प बसावं लागतं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर होत नाही, आणि समोरच्याला वाटतं, हा बेताच्याच बुद्धीचा असावा.

हा मुका काळ आमच्या मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतली कितीतरी मुलं पहिलीच्या वर्गातच भोगतात. त्यासाठी त्यांना पासपोर्ट लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे तालुके सामावणारा आमचा छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर एकाच मध्य प्रदेशात होते आणि नागपूर राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. संत्र्याच्या बागा, पऱ्हाटी, पोळा, लग्नाच्या सोयरिकी, दवाखान्यासाठी नागपूरची गाडी, सगळं होतं तसंच राहिलं. सरकारी कागद आणि बहुतेक शाळा मात्र हिंदीच्या झाल्या. घरात, शेतात, जामसावळीच्या हनुमानाच्या यात्रेत मराठी बोलणारं मूल सहाव्या वर्षी वर्गात बसतं, तेव्हा पुस्तक दुसऱ्या भाषेत उघडतं.

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याबाबत निदान हे मान्य केलेलं असतं, की तो दुसऱ्या भाषेत शिकतोय. युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत. स्पॅनिशमधून पदवी घ्यायची तर साधारण बी-२ पर्यंत पोचावं लागतं. त्यासाठी वर्ग असतात, परीक्षा असतात. त्याने क्रियापद चुकवलं तर त्याला भाषेतली चूक म्हणतात. आमच्या पहिलीतल्या पोराला हा दिलासा मिळत नाही. हिंदी तर सगळ्यांनाच येते, असं धरून चाललेलं असतं. त्याने मराठी मिसळली की वाक्य अशुद्ध ठरतं, आणि पोर गप्प राहिलं की मठ्ठ. दोन्ही भाषा जवळच्या आहेत, म्हणून हा त्रास दिसत नाही. स्पॅनिश शिकणाऱ्याची अडचण कोणालाही समजते, मराठी घरातून हिंदी शाळेत आलेल्याची समजावून सांगावी लागते.

यातून काही कमाईही होते, ती मी नाकारत नाही. दोन भाषांत वाढलेलं मूल तिसरीला घाबरत नाही. स्पॅनिशमध्ये तू आणि तुम्ही यांचा भेद आहे, क्रियापदावरूनच कर्ता कळतो. हे आपल्या पोरांना कोणाला शिकवावं लागणार नाही. आमच्याच मुलखातला याचा मोठा दाखला म्हणजे पांडुरंग खानखोजे. १८८४ साली वर्ध्यात जन्मलेला हा माणूस अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीत पडला, इराण, बर्लिन, मॉस्को करत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचला. तेव्हा तो चाळिशीला आला होता. त्या वयात तो चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर त्याने संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या एका भित्तिचित्रात त्याला भाकरी वाटताना रंगवलं. १९६७ साली नागपुरात त्याने देह ठेवला. परक्या देशात एवढं काम उभं करणाऱ्याने आधी परक्या माणसांचं ऐकून घेण्यात किती दिवस घालवले असतील, याचा विचार केला की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

आता आमच्याकडचा एखादा मुलगा फळबागांचं शास्त्र शिकायला स्पेनला निघाला, तर तो बहुधा वालेन्सियाचा विचार करील, कारण तो संत्र्या-मोसंबीचाच मुलूख आहे. तिथे उतरल्यावर त्याला रस्त्यांच्या पाट्यांवर दोन भाषा दिसतील. कष्टाने शिकलेली स्पॅनिश एक, आणि तिथली वालेन्सियन दुसरी. उत्तरेला बार्सिलोनात कॅटलान. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, म्हणजे १९३९ ते १९७५, या भाषांना शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार केलं होतं. १९७८ च्या संविधानाने स्पॅनिश सर्व देशाची ठेवली आणि प्रदेशांच्या भाषांनाही अधिकृत स्थान दिलं. कॅटालोनियात आज मुलं कॅटलानही शिकतात आणि स्पॅनिशही. त्यावरून तिथे वाद आणि कोर्टकज्जे चालतात हे खरं, पण घरची कॅटलान शाळेच्या दाराबाहेर काढून ठेवायला तिथल्या मुलाला आता कोणी सांगत नाही. आमचा मुलगा हे पाहून चकित होईल. आपल्या गावीही असं होऊ शकलं असतं, हे त्याला इतक्या दूर जाऊन कळेल.

आणि होऊ शकलं असतं ते आपल्याच कायद्याने. ज्या १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यांची नवी मांडणी झाली, तिनेच संविधानात ३५०-अ हे कलम घातलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असं ते राज्यांना आणि स्थानिक संस्थांना सांगतं. २०२० चं शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. माझा हिंदीशी झगडा नाही. ती आमच्या मुलांच्या नोकरीची आणि मैत्रीची भाषा आहे, ती त्यांना उत्तमच आली पाहिजे. पण मराठी बोलता येते आणि मराठी पुस्तक मात्र कधी हातात धरलेलं नाही, असा पदवीधर तयार होणं मला नुकसान वाटतं. ही गोष्ट खर्चाचीही नाही. लिपी देवनागरीच आहे, हिंदी वाचणाऱ्या मुलाला ‘ळ’सारखी एखाद-दुसरी अक्षरंच काय ती नवी.

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तालुके मिळून वेगळा जिल्हा झाला. आता जिल्ह्याचं ठिकाण छिंदवाड्याला नाही, घराजवळ आहे. पालकांनो, शाळेच्या पुढच्या बैठकीला जा आणि पहिली ते पाचवीला रोज मराठीचा एक तास लेखी मागा. अर्जात कलम ३५०-अ चा उल्लेख करा.