कॉलर दिली, काम कुणाला दिलं?

तुमच्या क्लबच्या पदग्रहणाच्या स्मरणिकेसाठी ‘आशीर्वादपर चार शब्द’ द्या म्हणून तुमचा नवा सचिव घरी येऊन गेला. सोबत पेढे होते. पेढे नातवंडांनी संपवले. शब्द मी देतो, पण ते आशीर्वादपर नाहीत. छापायची छाती असेल तर छापा. नसेल तर नांदेड आणि लातूर, दोन्ही शाखांच्या पोरांना एका खोलीत बसवा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. वाचायचं मावळत्या अध्यक्षानं. घसा खवखवतो ही सबब चालणार नाही, सोहळ्यात अर्धा तास बोलताना तो ठणठणीत होता.

लातूरचा तो सोहळा मी पहिल्या रांगेत बसून पाहिला. पाहुणे तास-दीड तास उशिरा आले. तोवर सूत्रसंचालकानं सगळे शेर संपवले आणि मग पुन्हा पहिल्यापासून म्हटले. स्टेजवर जेवढ्या खुर्च्या, तेवढ्या शाली. हार, फेटे, अध्यक्षाची कॉलर, पिना, ड्रोनवाला फोटोग्राफर. समोर प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची छोटी बाटली, दोन घोट घेऊन ठेवून दिलेली. कार्यक्रम उरकल्यावर हॉलची माणसं त्या अर्धवट भरलेल्या बाटल्या पोत्यात कोंबत होती. हे लातुरात! मार्च २०१६ मध्ये इथे पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावावं लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा लोक स्टेशनात गाडी बघायला गेले होते. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण घरातला हंडा आठवत असेल ना? आणि तुमच्या वर्षाच्या अहवालात पहिलाच उपक्रम कोणता? जलजागृती.

अहवाल मी पूर्ण वाचला. वाचणारा मी एकटाच असेन, कारण छपाईत दोन पानं उलटी लागलीत आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. वृक्षारोपण, रक्तदान, स्वच्छता, शोषखड्डे, प्रत्येकापुढे ‘यशस्वीरीत्या संपन्न’. जुलैत रोप लावलं की संपन्न? मराठवाड्यात जुलैमध्ये गाढवानं तुडवलेलं रोपही उभं राहतं. प्रश्न एप्रिल-मेचा असतो, पारा बेचाळीसवर जातो तेव्हाचा. तुम्ही लावलेल्या झाडांच्या लोखंडी जाळ्या जागेवर आहेत. क्लबचं नाव त्यांवर ठळक आहे. आत गाजरगवत कमरेइतकं वाढलंय. बस, झाडांबद्दल एवढंच.

स्वच्छतेबद्दल त्याहून कमी. २ ऑक्टोबरला खराट्यांवरची किमतीची चिठ्ठी तरी काढायची होती. फोटोत दिसते.

रक्तदानावर मात्र थांबतो, कारण तिथे तुमच्या हौसेनं नुकसान होतं. तुम्ही शिबिर घेतलंत १५ ऑगस्टला. त्याच दिवशी शहरातली अर्धी मंडळं घेतात, उरलेली आपल्या नेत्याच्या वाढदिवसाला घेतात. रक्तपेढीत घेतलेलं रक्त साधारण ३५ दिवस टिकतं, म्हणजे १५ ऑगस्टचं १९ सप्टेंबरपर्यंत. त्यातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट पाच दिवस. मग दिवाळीत कुणी गावी, कुणी बाजारात, रक्तपेढीत खडखडाट. मेमध्ये कॉलेजला सुट्ट्या, तेव्हाही तीच गत. थॅलेसेमियाच्या लेकराला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला तुमचा स्वातंत्र्यदिन काय आणि अध्यक्षाचा वाढदिवस काय. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. साधी वही घाला. कोण कोणत्या गटाचा, शेवटचं कधी दिलं, पुन्हा कधी देऊ शकतो. रक्तपेढीला विचारा की कमी कधी पडतं, आणि तेव्हा दहा-दहा जणांना पाठवा. यात स्टेज नाही, बॅनर नाही, पाहुणा नाही. म्हणूनच गेल्या वर्षी ही वही कुणी घातली नाही, आणि आता मावळलेला अध्यक्ष म्हणतो, नावं माझ्या फोनमध्ये होती, फोन बदलला.

आता शोषखड्डे. इथे बसून नीट ऐका.

हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी माहीत आहे ना? तुमच्या भाषणात नाव होतं म्हणून विचारतो. त्या गावानं गटारी बांधण्याऐवजी घरोघर शोषखड्डे काढले, सांडपाणी जमिनीत जिरवलं, रस्त्यावरची डबकी गेली, डास गेले. पुढे जिल्हा परिषदेनं ते काम गावोगाव नेलं आणि ते ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून गाजलं. रचना अगदी साधी आहे. साधारण चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा. तळाशी मोठे दगड, वर त्यांहून बारके, आणि मध्ये वरच्या अंगाला भोकं पाडलेली टाकी. मोरीचं पाणी आधी त्या टाकीत पडतं. भात, केस, साबणाचा साका, भांड्याची राख तिथे खाली बसते आणि निवळलेलं पाणी भोकांतून दगडांत उतरतं. एवढीच त्याची विद्या. पण खाली बसलेला गाळ मधूनमधून उपसावा लागतो. तो उपसला नाही तर टाकी भरते, भोकं बुजतात, आणि खड्डा असून नसल्यासारखा.

तुम्ही दत्तक घेतलेल्या गावात हिवाळ्यात सात दिवस शिबिर केलंत. खड्डे चांगले खणलेत. हे मी मान्य करतो, कारण मी ते पाहिलेत. पोरींनीही पहार मारली, हाताला फोड आले. कौतुक वाटलं. मग सांगता झाली, सरपंचांनी नारळ दिला, तुम्ही ट्रॅक्टरवर चढून गाणी म्हणत गेलात.

मागच्या महिन्यात मी सहज त्या गावी गेलो. पहिल्याच गल्लीत एका मावशीनं हटकलं. ‘सर, लेकरं लई गुणाची होती. माझ्या हातची भाकर खाऊन गेली. पण खड्डा तुंबलाय. पाणी मोरीत उलटं यायलंय. आता ह्याचं काय करावं ते कुणी सांगूनच नाही गेलं.’ मी विचारलं, कुणाला कळवलं का? म्हणाली, ‘बोर्डावर नंबर आहे की. नातवानं लावून दिला. ते पोरगं म्हणलं, मावशी, मी आता अध्यक्ष नाही, नव्या अध्यक्षाला लावा. नव्याला लावला तर ते म्हणलं, ते काम मागच्या टीमचं.’

झाकण उचलून पाहिलं. टाकी काठोकाठ गाळानं भरलेली. एक बादली आणि एक पळी, अर्ध्या तासाचं काम. मावशीनं स्वतः केलं असतं, कुणी दाखवलं असतं तर. खणताना सात दिवस होतात, दाखवायला सातव्या दिवशीची दुपार नव्हती, कारण सांगता समारंभाचा मंडप टाकायचा होता.

‘मागच्या टीमचं.’ हे कोण बोललं ते मला माहीत आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. पण बाळा, तू त्याच मागच्या टीममध्ये उपाध्यक्ष होतास. त्याच खड्ड्याशेजारी उभा राहून काढलेला तुझा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. कॉलर गळ्यात पडली त्या रात्रीत तू कोणत्या नव्या गावाचा झालास?

अध्यक्ष दरवर्षी बदलतो, त्याला आमचा काय इलाज, असं तुमच्यातला एक मला ऐकवून गेला. ज्या रोटरी-लायन्सच्या कॉलरींची आणि पिनांची तुम्ही हौसेनं नक्कल करता, त्यांच्याकडे जरा नीट बघा. तुमच्यासारखंच त्यांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं. तिथेही अध्यक्ष एकच वर्ष. १९८५ मध्ये रोटरीनं जगभरातून पोलिओ हटवण्याचं काम अंगावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्याकडे सापडला. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला. हे एकट्या रोटरीचं काम नव्हे. सरकार होतं, जागतिक आरोग्य संघटना होती, युनिसेफ होतं, आणि उन्हातान्हात दारोदार फिरून थेंब पाजणाऱ्या, लेकरांच्या बोटाला शाई लावणाऱ्या बायका होत्या, ज्यांना कुणी फेटा बांधला नाही. पण त्या २९ वर्षांत गावोगावच्या क्लबात किती अध्यक्ष आले नि गेले असतील? कुणी म्हटलं का, पोलिओ मागच्या टीमचा, मी आता काहीतरी नवीन घेतो? दरवर्षी माणूस बदलावा, ही पद्धत चांगलीच आहे. खुर्चीला कुणी चिकटत नाही. तुम्ही मात्र माणसाबरोबर काम बदलता, गाव बदलता, लोगो बदलता, टी-शर्टचा रंग बदलता, आणि व्हॉट्सॲपचा जुना ग्रुप सोडून नवा काढता. जुन्या ग्रुपात खड्डेवाल्या घरांची यादी होती. ती आता कुणाकडेच नाही.

लातूरच्या शाखेला वेगळं सांगतो. तुमच्या प्रत्येक भाषणात किल्लारीचा भूकंप येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बोळवून लोक नुकते निजले होते, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. तुमचा जन्म त्यानंतरचा, तरी पाठ आहे, चांगली गोष्ट. पण त्या भूकंपात लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाचे डॉक्टर धावले, ते रुग्णालय कधी सुरू झालं? १९६६ ला. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी शिकून या गावात आले नि इथेच राहिले. त्यांना पद्मभूषण मिळालं २०१९ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर. भूकंप झाला तेव्हा त्यांच्यापाशी २७ वर्षांची ओळख होती, खाटा होत्या, हात बसलेली माणसं होती. तुमच्यापाशी उद्या काही झालं तर काय आहे? फ्लेक्सवाल्याचा नंबर.

आणि नांदेडकरांनो, तुम्हाला तर दूर जायलाच नको. सचखंड हुजूर साहिबला जा, दर्शनाला नव्हे, जोडाघरात. तिथे चांगली खात्यापित्या घरची माणसं परक्यांच्या चपला हातात घेतात, पुसतात, टोकन देतात आणि घरी जातात. लंगरमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईला नाव विचारून पाहा, ती तुमच्याकडे बघेल आणि पोळपाट पुढे सरकवेल. एक आठवडा तिथे काम करा. सेल्फी काढलात तर मला कळेल, नांदेड लहान आहे.

हिशेबाबद्दल खजिनदाराला मी एकट्याला बोलणार होतो, पण सगळ्यांपुढेच बोलतो, म्हणजे लक्षात राहील. अहवालाच्या शेवटच्या पानावर शोषखड्ड्यांच्या पाइपांचा खर्च आहे आणि त्याच्या वरच्या ओळीत फ्लेक्स-बॅनरचा. दोन्ही आकडे शेजारी लिहून तू सही केलीस. सही करताना हात अडला नाही? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहेस ना?

अजून एक. तुमच्या नांदेड शाखेत मागच्या वर्षी सहसचिव असलेली मुलगी. शिबिराची हजेरी तिनं ठेवली, किराणा तिनं मोजून आणला, सरपंचांशी तीन वेळा तीच बोलली, दोघांना ताप आला तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात तीच घेऊन गेली. नव्या अध्यक्षाची निवड चहाच्या टपरीवर रात्री दहाला झाली. तिला तिथे कोण बोलावणार, आणि बोलावलं असतं तरी घरून कोण पाठवणार? कोणाच्या गावचा, कोणाच्या पाहुण्यातला, कोणत्या गटाचा, एवढं बघून तुम्ही नाव पक्कं केलंत. ‘एकमतानं निवड’ असं अहवालात लिहिलंय. टपरीवरच्या मतांची संख्या लिहायची राहिली. सोहळ्यात तिला काय दिलंत? पाहुण्यांना ओवाळायला ताट.

तुमच्यातले बरेच जण एनएसएसमध्येही आहेत. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, असा तो नियम. तुमच्या डायऱ्या मी चाळल्या. एका पोरानं ‘पदग्रहण सोहळा तयारी’ म्हणून तास लावलेत. ते मी खोडलेत. पुन्हा तसं लिहून आणलं तर डायरीच ठेवून घेईन.

आता करायचं काय ते ऐका, चर्चा नको. दत्तक गावातल्या सगळ्या खड्ड्यांची यादी रविवारपर्यंत नव्यानं करायची, घरमालकाचं नाव, खड्डा केव्हा केला, टाकी कधी उपसली. यादी सहसचिव राहिलेल्या त्या मुलीच्या ताब्यात राहील, अध्यक्ष कुणीही असो. बोर्डावरचा नंबर खोडून तिथे तीन जणांचे नंबर लिहायचे, त्यातला एक गावातलाच तरुण असेल. पुढचा अध्यक्ष कॉलर घालण्याआधी त्या यादीवर सही करेल. नसेल करायची तर कॉलर माझ्या कपाटात राहील, मला काही जड नाही.

येत्या रविवारी सकाळी सव्वासातची एसटी आहे. मावळता आणि नवा, दोघंही त्याच गाडीनं यायचं. दोन बादल्या, दोन पळ्या आणि हातमोजे आणा. टी-शर्ट जुनेच घाला, गाळाचा डाग जात नाही. जीप करायची नाही, डिझेलचं बिल मी पास करणार नाही.